लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी होताना

लॅपटॉपचा पडदा फुटला, बॅटरी दमली किंवा कीबोर्डची बटणे निघाली, तर खर्च होतो आणि काम पुन्हा सुरू होते. हार्ड डिस्क गेली, तर मात्र नवी डिस्क विकत मिळते पण जुनीवरचा प्रबंध, सोसायटीचे हिशेब, आजीआजोबांची छायाचित्रे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. असे असूनही डिस्क बिघडू लागल्यावर बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न ती दुरुस्त कशी करावी हाच येतो, आणि नुकसानीची सुरुवात पुष्कळदा या प्रश्नापासूनच होते. झिजलेली यांत्रिक डिस्क पूर्ववत होत नाही. ती आणखी किती वेळा वाचता येईल याला मर्यादा असते, आणि त्या उरलेल्या वाचनखेपा तपासण्या व उपचार यांवर खर्च करायच्या की प्रत काढून घेण्यावर, या एका निर्णयावर पुढचे जवळजवळ सर्व काही ठरते.

हा निर्णय इतका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी डिस्कची रचना पाहावी लागते. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक या यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. लॅपटॉपमधल्या डिस्कची तबकडी जेमतेम अडीच इंच व्यासाची, बहुधा काचेची असते. तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो आणि या थरातल्या सूक्ष्म भागांचे चुंबकत्व एका किंवा विरुद्ध दिशेला वळवून शून्य आणि एक या खुणांच्या रूपात माहिती लिहिली जाते. तबकडी सर्वसाधारणपणे मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या घेते, त्यामुळे तिच्या कडेचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. लिहिण्या-वाचण्याचे काम करणारा जो बारीक भाग, ज्याला हेड म्हणतात, तो तबकडीला टेकत नाही. फिरण्यामुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर तो केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत राहतो. माणसाचा केस ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे साधा धूलिकणही या फटीच्या मानाने केवढा मोठा अडथळा ठरतो ते ध्यानात येते. इतके क्षीण चुंबकत्व ओळखणारी हेड ज्या शोधामुळे बनू शकली, तो म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलताच अतिशय पातळ थरांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याचा गुणधर्म. त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा यंत्राला सर्वांत मोठा धोका असतो तो चालू अवस्थेत बसणाऱ्या धक्क्याचा. डिस्क बंद होताना हेड तबकडीच्या बाहेर एका उतरत्या पट्टीवर जाऊन विसावते, म्हणून बंद लॅपटॉप पडला तर तो बचावण्याची शक्यता बरी असते. चालू असताना तो मांडीवरून घसरला, तर हेड तबकडीवर आपटून चुंबकीय थर खरवडला जाऊ शकतो. आयबीएमने २००३ मध्ये आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये पडण्याची चाहूल घेणारा संवेदक बसवला आणि धक्का बसण्याआधीच हेड बाजूला घेण्याची सोय केली, ती याच भीतीपोटी. धक्क्याखेरीज मोटरचे बेअरिंग झिजणे, हेड हळूहळू दुबळे होणे, विजेच्या चढउतारात डिस्कच्या पाठीवरचे सर्किट जळणे अशी कारणे असतात. कधीकधी मात्र डिस्क ठणठणीत असते आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी केबल तेवढी ढिली झालेली असते, हेही सुरुवातीलाच नमूद केले पाहिजे, कारण त्यावरचा उपाय काही मिनिटांचा असतो.

पुष्कळ डिस्क मात्र एका फटक्यात जात नाहीत. त्या हळूहळू खचत जातात, आणि ही प्रक्रिया ज्याला समजली त्याला लक्षणांचा अर्थ लावणे सोपे जाते. तबकडीवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत, अलीकडच्या डिस्कमध्ये ४,०९६ मावतात. प्रत्येक सेक्टरबरोबर काही जादा खुणा लिहिलेल्या असतात, ज्यांच्या आधारे थोड्याफार चुका डिस्क स्वतःच दुरुस्त करून घेते. चुका या मर्यादेपलीकडे गेल्या की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवते, आणि तरीही तो वाचता आला नाही तर त्याची नोंद प्रलंबित सेक्टर म्हणून करते. पुढे त्या जागी काही नवे लिहिण्याची वेळ आली आणि जागा खरोखरच खराब निघाली, तर डिस्क राखून ठेवलेल्या शिलकी जागेतला एक सेक्टर तिच्याऐवजी देते. घर बदललेल्या माणसाची पत्रे पोस्टमनने परस्पर नव्या पत्त्यावर पोचवावीत, तसा हा व्यवहार संगणकाच्या नकळत चालतो. म्हणूनच एखादी डिस्क आतून बरीच खराब होऊनही वरकरणी कित्येक महिने सुरळीत चालल्यासारखी वाटते.

या अंतर्गत नोंदी पाहण्याची सोय डिस्कमध्येच असते. स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्वयंपरीक्षण व्यवस्थेत डिस्क किती तास चालली, तिचे तापमान किती, किती सेक्टर बदलले गेले, किती प्रलंबित आहेत अशा अनेक गोष्टींचे आकडे साठत जातात, आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स यांसारख्या मोफत प्रोग्रॅमद्वारे ते काही सेकंदांत वाचता येतात. त्यांपैकी पाचवा आकडा बदललेल्या सेक्टरांचा, एकशे सत्त्याण्णवावा प्रलंबित सेक्टरांचा आणि एकशे अठ्ठ्याण्णवावा मुळीच वाचता न आलेल्या सेक्टरांचा असतो. या तिन्ही ठिकाणी शून्य असणे चांगले, आणि शून्याच्या जागी आलेली संख्या दिवसागणिक वाढत असेल तर डिस्कचा काळ भरत आला असे खुशाल समजावे. एकशे नव्व्याण्णवावा आकडा मात्र वेगळे सांगतो: डिस्क आणि संगणक यांच्या दरम्यान वाटेत माहिती बिघडली, म्हणजेच केबल किंवा जोडणी तपासून पाहावी.

स्मार्टवर पूर्ण भरवसा ठेवणेही योग्य नाही. गुगलच्या संशोधकांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख सूचकांपैकी एकाचीही आगाऊ सूचना दिलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की व्यवहाराचा नियम निघतो: इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा, आणि न मिळाला तरी निर्धास्त राहू नये.

वापरणाऱ्याला जाणवणारी लक्षणे मात्र याहून ढोबळ असतात. लॅपटॉप सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागणे, एखादा फोल्डर उघडताच सगळे गोठणे, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर सतत शंभर टक्के दिसणे ही त्यांतली नेहमीची, आणि त्यांचे कारण बहुधा हेच असते की डिस्क एकाच सेक्टरवर कित्येक सेकंद धडपडत असते व तोवर विंडोज तिची वाट पाहत थांबलेले असते. शंभर टक्के वापर हा काही एकट्याने पुरावा ठरत नाही, कारण विंडोजचे अपडेट किंवा अँटीव्हायरसची तपासणी चालू असतानाही जुन्या डिस्कची तीच अवस्था होते. परंतु त्याच्या जोडीला फाइल वाचता येत नसल्याचे संदेश येऊ लागले, किंवा कालपर्यंत उघडणारी छायाचित्रे अर्धी करडी दिसू लागली, तर शंकेला जागा राहत नाही. सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे ठरावीक अंतराने येणारा टक-टक आवाज. तबकडीवरच्या दिशादर्शक खुणा सापडत नसल्यामुळे हेड पुन्हा पुन्हा टोकापर्यंत जाऊन परतते, त्याचा हा आवाज असतो, आणि तो ऐकू येताच वीज तोडण्यावाचून दुसरे काहीही करू नये. मोडलेले हेड फिरत्या तबकडीवर घासत राहिले तर दर मिनिटाला चुंबकीय थराची भुकटी होत असते, आणि त्या भुकटीत गेलेले अक्षर जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

आवाज नसेल आणि डिस्क अजून वाचली जात असेल, तर घरच्या घरी बरेच काही वाचवता येते. त्यासाठी प्रथम लॅपटॉप बंद करून, दुसरी सुस्थितीतली डिस्क हाताशी घेऊन, काय हवे आहे याची यादी कागदावर करावी; डिस्क चालू ठेवून फोल्डर धुंडाळत विचार करणे म्हणजे उरलेले आयुष्य उधळणे होय. हवी असलेली माहिती थोडी असेल, उदाहरणार्थ एखाद्या प्रबंधाच्या काही फाइली आणि वर्षभराचे हिशेब, तर तेवढेच आधी उतरवून घ्यावे आणि चित्रपट, गाणी, पुन्हा डाउनलोड करता येण्याजोगे प्रोग्रॅम यांना हात लावू नये. हवे असलेले पुष्कळ आणि सर्वत्र विखुरलेले असेल, तर एकेक फाइल उचलण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढणे हिताचे, कारण फाइली उचलताना हेडला तबकडीभर उड्या माराव्या लागतात, तर इमेज काढताना ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने जाते.

या कामासाठी अंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम जाणकार वापरतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तो चालवता येतो, त्यामुळे आजारी डिस्कवरून विंडोज सुरू करण्याचा ताण टळतो. त्याची पद्धत विचारपूर्वक आखलेली आहे: सहज वाचता येणारे भाग तो आधी झपाट्याने उतरवतो, जिथे अडते तिथे रेंगाळत न बसता पुढे उडी मारतो, आणि चांगला भाग हाती आल्यानंतरच अडलेल्या जागांकडे पुन्हा वळतो. कोणता भाग झाला व कोणता राहिला याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्येच वीज गेली किंवा डिस्क गरम झाल्याने थांबावे लागले तरी काम होते तिथून पुढे चालू करता येते. निरोगी एक टेराबाइट डिस्कची इमेज सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने तीन तासांच्या आत होते. बिघडलेल्या डिस्कला त्याच कामाला कित्येक दिवस लागू शकतात आणि तेवढा धीर धरावा लागतो. धोका एकच, पण मोठा आहे: मूळ डिस्क कोणती आणि प्रत घेणारी कोणती, यांची नावे देताना अदलाबदल झाली तर प्रोग्रॅम रिकाम्या डिस्कचा आशय मूळ डिस्कवर लिहून टाकतो. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करण्याची सवय नाही, त्यांनी हे काम सवय असलेल्या माणसाला शेजारी बसवूनच करावे.

प्रत हाती येईपर्यंत मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाता कामा नये, आणि नेमका हाच नियम सर्वाधिक मोडला जातो. विंडोजची चेकडिस्क ही सोय फाइलींच्या रचनेतल्या विसंगती दूर करण्यासाठी आहे. खचत चाललेल्या डिस्कवर ती चालवली तर ती तासन्‌तास हेड राबवते आणि वाचता न आलेल्या नोंदी काढून टाकून रचना नीट केल्याचे समाधान देते, पण त्या नोंदींबरोबर फाइलींचा मागही जातो. डिफ्रॅगमेंट करणे, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे हेही तितकेच घातक आहे. हे सारे उपाय करायचेच असतील तर ते काढलेल्या प्रतीवर करावेत, जिथे चूक झाली तरी दुसरी प्रत घेता येते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जो सल्ला वर्षानुवर्षे फिरतो तो कोकण किंवा मुंबईच्या दमट हवेत तर विशेषच धोक्याचा आहे, कारण थंड डिस्क बाहेर काढताच बाष्प जमते. लॅपटॉपची डिस्क पूर्ण हवाबंद नसते, गाळणी लावलेल्या एका बारीक छिद्रातून तिच्यात हवा ये-जा करते, आणि तबकडीवर जमलेला थेंब हेडसाठी धुळीहून वेगळा नसतो.

डिस्क घरी किंवा दुकानाच्या टेबलावर उघडणे हा तर शेवटचा घाव ठरतो. डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळांत डिस्क ज्या खोलीत उघडतात तिथली हवा इतकी गाळलेली असते की एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक नसतात. तिथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून बसवले जाते, तबकडी थोडा वेळ वाचण्याजोगी केली जाते आणि इमेज काढली जाते. पाठीवरचे सर्किट जळलेले असेल तर दुसरे सर्किट नुसते लावून भागत नाही, कारण त्यावरच्या एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडची कारखान्यात मोजलेली मापे साठवलेली असतात आणि ती चिप किंवा तिच्यातला आशय नव्या सर्किटवर न्यावा लागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथले अनेक कारागीर डिस्क बदलणे, केबल पाहणे, इमेज काढणे ही कामे उत्तम करतात. मात्र आपल्याकडे धूळमुक्त खोली आहे का, हे त्यांना स्पष्ट विचारावे आणि नसेल तर डिस्क उघडू देऊ नये.

योग्य हातांत गेलेली डिस्क काय देऊ शकते, याचे उदाहरण कोलंबिया या अंतराळयानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या त्या दुर्घटनेत यान टेक्सासच्या आकाशात विखुरले, आणि झेनॉन वायूच्या प्रयोगाची माहिती असलेली एक हार्ड डिस्क भाजलेल्या अवस्थेत अवशेषांत सापडली. तिचे सर्किट आणि बाहेरचे भाग जळाले होते, आत माती गेली होती, पण तबकड्या विकृत झाल्या नव्हत्या. त्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्यावर सुमारे ९९ टक्के माहिती मिळाली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध होऊ शकले. त्या आगीतून वाचलेली तबकडी आणि घरी टक-टक आवाज येत असताना रात्रभर चालू ठेवलेल्या डिस्कची खरवडलेली तबकडी यांच्यात दुसरी अधिक निरुपयोगी असते.

वॉरंटीविषयीचा एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. वॉरंटीत मिळते ती नवी डिस्क, आणि जुनी सहसा कंपनीकडे जाते; म्हणून माहिती काढून घेण्यापूर्वी बदली मागू नये. प्रयोगशाळेकडे जाताना आधी लेखी अंदाज, काय मिळेल त्याची यादी आणि मूळ डिस्क परत मिळण्याची हमी घ्यावी. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची व्यवस्था, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की नसताना सर्वोत्कृष्ट इमेजही वाचता येत नाही; अनेक नव्या लॅपटॉपवर ही व्यवस्था आपोआप चालू होते आणि की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठते, ती आजच कागदावर उतरवून ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा पुष्कळ मजकूर, त्यात दिवाळी अंकांची पाने, पाठ्यपुस्तकांचे मसुदे, कोशांची टिपणे हे सारे आले, श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकित झालेला आहे. या पद्धतीत मराठी अक्षर साठवताना प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवले जातात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो, म्हणून फॉन्ट नसेल तर वाचवलेली फाइल निरर्थक चिन्हांनी भरलेली दिसते. हे फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे केवळ डॉक्युमेंट्स उतरवणाऱ्याच्या हातून ते मागे राहतात. संपूर्ण डिस्कच्या इमेजमध्ये मात्र तेही येतात, हा तिचा अनपेक्षित फायदा. फाइलींची रचनाच नष्ट झाली असेल तर फोटोरेकसारखा प्रोग्रॅम आशयाच्या ठेवणीवरून फाइली ओळखून बाहेर काढतो, पण त्यांची नावे मिळत नाहीत, आणि हजारो निनावी फाइलींतून हवा तो लेख मराठी शब्द देऊन शोधू म्हटले तर जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधाला सापडत नाही. त्यासाठी त्याच फॉन्टमध्ये तो शब्द टंकित झाल्यावर जी रोमन चिन्हे बनतात ती देऊन शोधावे लागते. ज्यांच्याकडे असा जुना संग्रह आहे त्यांनी डिस्क धडधाकट असतानाच तो युनिकोडमध्ये आणावा, कारण त्याला दुसरीकडे कुठेही प्रत नसण्याचीच शक्यता अधिक.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते, जिच्यात माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहते. ती धक्क्याला घाबरत नाही, पण तिचा नियंत्रक बिघडला तर कसलाही आवाज न करता ती अचानक दिसेनाशी होते, आणि पुसलेल्या फाइलींची जागा ती स्वतःहून मोकळी करत असल्याने चुकून पुसलेले परत मिळणे तिच्यावर फार कठीण जाते. म्हणजे एसएसडी घेतल्याने बॅकअपची गरज कमी होत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर असा आहे, आणि सामान्य कुटुंबाला तो एक बाहेरची डिस्क व एक क्लाउड खाते यांत पाळता येतो. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर हा मात्र पूर्ण बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते.

जुनी डिस्क लगेच टाकून देऊ नये. वाचवलेल्या फाइली नुसत्या मोजून न पाहता त्यांतल्या बऱ्याचशा प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, दुसरी प्रत काढावी, आणि तोवर जुनी डिस्क कोरड्या जागी, वीज न लावता ठेवावी. विल्हेवाट लावताना ती पुसण्याचा प्रोग्रॅम पुरेसा ठरत नाही, कारण बदलून टाकलेल्या खराब सेक्टरांपर्यंत तो पोचत नाही आणि तिथे बँकेचा तपशील किंवा ओळखपत्राची प्रत शिल्लक असू शकते. तबकडी फोडणे हाच खात्रीचा मार्ग, पण ती बहुधा काचेची असल्याने डिस्क जाड कापडात गुंडाळून व डोळ्यांना चष्मा लावूनच तो अवलंबावा. उरलेले अवशेष कचऱ्याच्या डब्यात न टाकता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत.